वरच्या मजल्याचा नळ

आमच्या पडेगावात डिसेंबरात पहाटे जरा धुकं पडलं की लोक मरणाच्या गोष्टी करायला लागतात. रस्त्याच्या कडेला टायर पेटवून सात-आठ बाप्ये उकिडवे बसतात. डोक्याला माकडटोपी, तिच्यावर मफलर, अंगात लेकराच्या शाळेचा जुना स्वेटर आणि पायात मात्र रबरी स्लिपर. "यंदा लई कडाका हाय," असं त्यांच्यातला प्रत्येकजण दरवर्षी म्हणतो. दुपारी बारा वाजता याच लोकांना पंखा लागतो.

मी टोपी घालत नसे. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून त्यांच्यासमोरून मोटरसायकल न्यायचो आणि मनात म्हणायचो, काय ही माणसं! थंडी मला वाजत नाही, हे माझं एक भूषण होतं. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हे एक मी फार जपलं होतं.

मोबाइलच्या टॉवरची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनियर होतो. वैजापूरकडचे टॉवर माझ्याकडं होते. एका वर्षासाठी लेहला माणूस पाठवायचाय, असं कंपनीनं विचारलं तेव्हा ऑफिसात एकदम साथ आल्यासारखं झालं. एकाची आई आजारी पडली, एकाचं लग्न ठरलं, एकाला लहानपणीचा दमा आठवला. मी त्या तिघांकडं जितक्या तुच्छतेनं बघता येईल तितक्या तुच्छतेनं बघितलं आणि हात वर केला.

घरी आई आणि मी दोघंच. आईला मी लेहचं सांगितलं तर तिचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. ती म्हणाली, "लेह म्हंजी तिकडं समदे बौद्धच ना रं?"

"बरेच आहेत."

"मग काय! आपल्याच लोकांत चाललाय तू. तुला काय परकं वाटायचं नाय."

आमचं घर धम्मातलं. आजोबांनी दीक्षा घेतलेली. आईच्या डोक्यात लेह म्हणजे एक मोठं विहार होतं आणि तिथली सगळी माणसं दारात उभी राहून माझी वाट बघणार होती. तिनं ट्रंकेत ज्वारीचं पीठ भरलं, शेंगदाण्याची चटणी भरली, खोबरेल तेलाची बाटली भरली आणि वर पितळेची वीतभर बुद्धमूर्ती फडक्यात गुंडाळून ठेवली.

मग मामा आले. मामा सैन्यातून निवृत्त झालेले. मिशा अजून नोकरीवर असल्यासारख्या. घरात कुणाचं लग्न असो की मयत, मामांची बर्फाची एक तरी गोष्ट व्हायचीच. ते खाटेवर मांडी घालून बसले आणि मला समोर उभं करून त्यांनी शिकवणी घेतली.

"भाच्या, थंडी अंगाला नसती वाजत, मनाला वाजती. मनात म्हणायचं, नाय वाजत. खलास."

"बरं मामा."

"पायात दोन-दोन मोजे, वर बूट आवळून बांधायचा. आत हवा शिरली नाय पायजे. आणि गार पाण्याची अंघोळ. रोज. आमी केली."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं नाही एवढंच. मान मात्र डोलावली.

जाकीट घ्यायला शहरात, गुलमंडीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं वरच्या फळीवरून एक फुगलेलं काळं जाकीट ओढून काढलं, त्याच्यावर दोन थपडा मारल्या, धूळ उडाली. म्हणाला, "साब, इसकू पैन के बरफ पे सो जाव, पसीना आइंगा." त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं बर्फ बघितला असेल तर तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. पण मला पटलं. ज्याला आपण शहाणे आहोत असं वाटतं, त्याला काहीही पटतं.

सप्टेंबरच्या शेवटी मी लेहला उतरलो. आकाश निळंशार, ऊन कडक, पिवळी झालेली उंच पॉपलरची झाडं. पहिले दोन दिवस डोकं दुखलं, मग थांबलं. मी मनात म्हटलं, एवढंच? याच्यासाठी त्या तिघांनी आई, लग्न आणि दमा काढला?

शहराबाहेर एका गावात मला खोली मिळाली. घरमालकीण साठीच्या पुढची विधवा. सगळे तिला आमा-ले म्हणायचे. आमा म्हणजे आई आणि ले म्हणजे आपलं 'जी'. मुलगा सैन्यात कुठंतरी लांब, मुलगी जम्मूला दिलेली. घरात ती आणि खालच्या गोठ्यात एक गाय. खालच्या मजल्यावर जाड मातीच्या भिंतींचं बुटकं स्वयंपाकघर होतं, मधोमध लोखंडी चूल, भोवती बसायला गाद्या. आणि वर, जिन्यानं बाहेरून जायचं, पर्यटकांसाठी नवी बांधलेली खोली: दोन बाजूंनी काचा, समोर डोंगर, आत संडास-बाथरूम, नळ, गीझर.

मी अर्थातच वरची घेतली.

ऑक्टोबरच्या मधे एका सकाळी ती वर आली. दारातच उभी राहिली. तिचं हिंदी तुटक होतं, पण जे बोलायची त्यात एकही शब्द फुकटचा नसायचा.

"एंजिनियर, अब नीचे आओ. रसोई के पास कमरा है. छोटा है. गरम है."

"मला इथं ठीक आहे," मी हिंदीत म्हटलं. "इथून डोंगर दिसतो."

"पहाड़ भागता नहीं है," ती म्हणाली. "पानी भागता है. नवंबर में नल बंद. टंकी खाली. लैट्रिन नीचे वाला."

'नीचे वाला' म्हणजे त्यांचा कोरडा संडास. मातीच्या जमिनीला एक भोक, बाजूला मातीचा ढीग, वापरून झालं की फावडंभर माती टाकायची. पाण्याचा संबंध नाही. मी तो एकदा बघून आलो होतो आणि नाकाला रुमाल लावला होता. आमच्या आजोबांच्या पिढीनं ज्या गोष्टींतून सुटायला जन्म घालवला, तिकडं मी इंजिनियर होऊन परत जाऊ? असं मी स्वतःला मोठ्या आवाजात सांगितलं. ते खरं कारण नव्हतंच. मला गीझर पाहिजे होता.

तिला जवळीक दाखवावी म्हणून मी आईनं दिलेली मूर्ती काढली आणि म्हटलं, "आमा-ले, मैं भी बौद्ध हूँ."

तिनं मूर्ती हातात घेतली, कपाळाला लावली, नीट जागेवर ठेवली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अच्छा. तो बात सुनो."

मी ऐकली नाही.

नोव्हेंबरात तिनं खालून पाण्याची मुख्य तोटी बंद केली. दोन दिवसांनी ती नातेवाइकाकडं मयतीला गेली. त्या दिवशी आमच्या टॉवरच्या कामावर पाण्याचा टँकर आला होता. मी टँकरवाल्याला घरी आणला आणि गच्चीवरची काळी टाकी भरून घेतली. पाइपांना गोणपाट गुंडाळलं, वर प्लास्टिक, वर तार. आत विजेची गरम होणारी दोरी सोडली. इंजिनियर होतो ना! संध्याकाळी गीझरच्या पाण्यानं अंघोळ केली आणि आरशात स्वतःकडं असं बघितलं की जणू हिमालय मी बांधलाय.

ती परत आली. तिला कळलं. तिनं वर मान करून गोणपाटाकडं बघितलं, काहीतरी लडाखीत पुटपुटली आणि गाईकडं गेली. मला ते माझ्या हुशारीपुढं गप्प बसणं वाटलं.

पंधरा-वीस दिवस माझं बरं चाललं. बरं म्हणजे काय, ते सांगतो. खोबरेल तेलाचा दगड झाला होता. टूथपेस्ट पिळून निघत नव्हती, कापून काढावी लागायची. कांदे गोठून काचेच्या गोट्या झाले होते. गुलमंडीचं जाकीट पहिल्या वाऱ्यातच उघडं पडलं. शिवणीशिवणीतून वारा आत यायचा आणि घाम मात्र बाहेर जायचा नाही, म्हणजे दुकानदाराचं घामाचं तेवढं खरं निघालं. टॉवरवर चढलो की आतला सुती बनियन ओला व्हायचा, खाली उतरलो की तोच बर्फाच्या पट्टीसारखा पाठीला चिकटायचा. मामांच्या सल्ल्यानं दोन-दोन मोजे घालून बूट आवळले होते, त्यानं पायाची बोटं आधी दुखायची, मग दुखायची बंद व्हायची. दुखायची बंद झाली की मी खूश व्हायचो. मनाला वाजत नाही म्हणतात ते हेच, असं वाटायचं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वीज गेली ती दीड दिवस आली नाही. माझी गरम दोरी थंड पडली. पाइप कधी फुटला ते मला कळलंच नाही, कारण आत बर्फ होता आणि बर्फ गळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं, काळी टाकी तापली, आणि मी कामावर असताना फुटलेल्या जागेतून पाणी वाहायला लागलं. बाहेरच्या जिन्यावरून, अंगणातून, गोठ्याच्या दारापर्यंत. संध्याकाळी मी आलो तेव्हा जिना ओला होता. मला दिसलं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण मला दिसलं होतं. मी म्हटलं, सकाळी बघू. आणि कठड्याला धरून वर जाऊन तीन रजया अंगावर घेऊन झोपलो.

उजाडता उजाडता खालून आवाज आला. भांडं पडल्याचा मोठा आणि त्याच्यामागून माणसाचा बारीक. मी दार उघडलं. अंगणभर बर्फाची काच पसरली होती. गोठ्याच्या दारात आमा-ले एका कुशीवर पडली होती, दुधाची चरवी लांब घरंगळत गेली होती. ती ओरडत नव्हती. उजवा हात छातीशी धरून पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती.

मी जिन्यावरून बसत, घसरत खाली आलो. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. मी सारखं "सॉरी आमा-ले, सॉरी" म्हणत होतो. ती म्हणाली, "राख लाओ."

"काय?"

"चूल्हे से राख. रास्ते पे डालो. नहीं तो तुम भी गिरेगा. फिर गाड़ी कौन चलाएगा?"

मी राख आणली, टाकली, तिला उचललं, कंपनीच्या गाडीत बसवलं. दवाखान्यात हाड मोडल्याचं निघालं. प्लास्टर घातलं, आठ आठवडे. डॉक्टरनं विचारलं, कशी पडली? तिनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि लडाखीत दोन वाक्यं सांगितली. डॉक्टर तरुण होता. तो माझ्याकडं बघून हसला. शिवी परवडली असती.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "मी दुसरी खोली बघतो. तुम्हाला त्रास नको."

"तकलीफ़ तो हो गया," ती म्हणाली. "अब भागेगा? गाय को पानी कौन देगा?"

त्या दिवशी मी खाली राहायला आलो.

त्याच दुपारी मी मामांना फोन लावला. फुटलेला पाइप, गोठलेली टाकी, काय करू? फौजेत काय करायचे? पलीकडं मामा खाकरले. "हे बघ भाच्या, आता तुला खरं सांगतो. बर्फात आमची तुकडी जायची. मी स्टोअरला होतो. जबलपूरला."

"म्हणजे तुम्ही बर्फ..."

"सामान मीच पाठवायचो ना सगळं! मोजे, बूट, समदं माझ्या हातून जायचं," ते जरा रागावून म्हणाले आणि फोन ठेवला. बत्तीस वर्षं त्या माणसानं जबलपुरात बसून आमच्या घरात बर्फ पाडला होता. मला त्यांचा जेवढा राग यायला पाहिजे होता तेवढा आला नाही. मी तर प्रत्यक्ष बर्फात राहून त्यांच्याइतकाच बिनकामाचा निघालो होतो.

आईला फोनवर सांगितलं, "घरमालकीण पडली. म्हातारी आहे, घसरली." आई हळहळली. म्हणाली, "तिचं बघत जा रं. तुजी आईच समज." मी हो म्हटलं.

मग पुढच्या तीन महिन्यांत आमा-लेनं मला माणसात आणलं. प्रेमानं वगैरे नाही. एक हात गळ्यात बांधून ती चुलीजवळ बसायची आणि दुसऱ्या हातानं माझ्या चुका दाखवायची.

पहिल्या दिवशी तिनं माझे बूट काढायला लावले. बोटं बघितली. दोन मोज्यांचा बोळा बघितला. "ये किसने सिखाया?" मी म्हटलं, मामानं. "मामा ज़िंदा है?" आहे म्हटलं. "तो यहाँ नहीं आया होगा," ती म्हणाली. मोठ्या मापाचे बूट घे, एकच लोकरीचा मोजा, आत बोटं हलली पाहिजेत. बनियन फेकून दे. काम करताना एक कपडा कमी घाल, थांबलास की घाल. घाम आला की तू मेलास. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. ओठाला, गालाला जर्दाळूच्या बियांचं तेल. रात्री चुलीत शेणी टाकून झोपायचं असेल तर खिडकीची फट उघडी पाहिजे, नाहीतर सकाळी दोन प्रेतं निघतील, आणि गाईला पाणी पाजायला कुणी उरणार नाही. गाय तिच्या प्रत्येक वाक्यात शेवटी यायचीच.

सकाळी उन्हं आली की मी कुऱ्हाड आणि दोन डबे घेऊन ओढ्यावर जायचो. रात्रीत साय धरल्यासारखा बर्फ जमलेला असायचा. पहिल्या दिवशी मी कुऱ्हाड एवढ्या जोरात घातली की बर्फाचे तुकडे तोंडावर आले. ओढ्यावर गावातल्या तीन-चार बायका होत्या. त्या हसून हसून खाली बसल्या. मग एकीनं माझ्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि कडेनं टकटक करत ताटाएवढं गोल भोक पाडून दिलं. डबा पाऊण भरायचा, काठोकाठ नाही. हिंदकळून पँटवर पडलं की पँट गोठून तिची पाटी होते. एक डबा गाईचा, एक आमचा. रोज. आणि पडेगावात मी पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तर महापालिकेच्या नावानं बोंब मारणारा माणूस!

ज्या कोरड्या संडासाला मी नाकाला रुमाल लावला होता, तो त्या आख्ख्या हिवाळ्यात एकदाही तुंबला नाही, गोठला नाही, त्याला वासही आला नाही. माझ्या वरच्या बाथरूममधला पांढरा कमोड मात्र मधोमध उभा तडकला. तो बघायला आमा-ले प्लास्टर सांभाळत मुद्दाम वर आली. बघितलं. मग खाली गेली.

तिच्या देवघरात सात वाट्या होत्या. सकाळी त्या पाण्यानं भरायच्या, संध्याकाळी ओतून, पुसून उपड्या घालायच्या. हात मोडल्यावर ते काम माझ्याकडं आलं. मी आईची मूर्ती तिथंच एका कडेला ठेवली होती. पहिल्या दिवशी वाट्या भरल्या आणि सवयीनं तोंडातून त्रिशरण निघालं, 'बुद्धं सरणं गच्छामि'. मागं तिचं जपाचं चक्र फिरायचं थांबलं. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "आवाज़ अच्छा है." मी जरा फुललो. "लेकिन कटोरी टेढ़ा रखा." दोन वाट्यांमधलं अंतर जवाच्या दाण्याएवढंच पाहिजे होतं. माझं बोटभर झालं होतं.

माझ्या आईला वाटायचं की तिकडं सगळे आपले. आपले म्हणजे काय, हे मला त्या घरात थोडं कळलं. आपला माणूस आपली चूक पोटात घालत नाही, तो ती रोज ताटात वाढतो.

जानेवारीत पुण्याचे साहेब पाहणीला आले. त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं. विमानातून उतरले ते पायापासून डोक्यापर्यंत नारिंगी. एव्हरेस्टवर जाणारा माणूस दिल्लीतून असा निघत नसेल. मी म्हटलं, "सर, आजचा दिवस झोपून राहा, इथं हवा विरळ आहे." साहेब म्हणाले, "अरे, मी दर रविवारी सिंहगड चढतो." आणि थेट टॉवरवर चला म्हणाले. टॉवरच्या पायथ्याशी त्यांनी स्वतःचे सतरा फोटो काढून घेतले. अठराव्याला खाली बसले. त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं ते गेले. पंधरा दिवसांनी कंपनीतल्या सगळ्यांना त्यांचं एक ऑनलाइन व्याख्यान ऐकावं लागलं. विषय, अतिथंड हवामानात कामाचं नियोजन. पहिल्याच पानावर टॉवरखालचा नारिंगी फोटो होता. मी ते व्याख्यान चुलीजवळ बसून मोबाइलवर ऐकलं. आमा-लेनं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा साहेब. तिनं स्क्रीनकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हाँ. लगता है."

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण जरा वाकडं. मनगट बाहेरच्या बाजूला किंचित फुगल्यासारखं राहिलं, आणि धार काढताना अंगठा साथ देत नसे. एप्रिलमध्ये मुख्य तोटी सोडली. मी नवा पाइप घातला, नवा कमोड बसवला, आणि बर्फाच्या दिवसांत टाकी रिकामी करायची तोटी सगळ्यात खालच्या टोकाला लावली, जी पहिल्यापासून तिथं असायला पाहिजे होती. सप्टेंबरात निघताना मी तिच्या पाया पडलो आणि म्हटलं, "आमा-ले, तुमचा हात माझ्यामुळं गेला. माफ करा." तिनं तो वाकडा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "हाथ है," ती म्हणाली. "गया नहीं. सुनना सीखो."

मी परत आलो. पडेगाव तसंच होतं. डिसेंबर आला, टायर पेटले, माकडटोप्या निघाल्या. आता मी बर्फ बघून आलेला शहाणा होतो. कुणी "कडाका हाय" म्हटलं की मी लेहचं सुरू करायचो. ओढ्यातला बर्फ, कुऱ्हाड, एक मोजा. लोक ऐकायचे. गोष्टीत आमा-ले असायची, तिचं पडणंही असायचं, पण ती माझ्या गोष्टीत आपली आपण पडायची.

त्या जानेवारीत तिचा फोन आला. त्यांच्याकडची माणसं हिवाळ्यात विमानानं खाली उतरून, बस करून यात्रेला निघतात. यंदा वेरूळ-अजिंठाही होतं. "एंजिनियर, तुम्हारा घर कहाँ है?"

मी कंपनीची गाडी घेऊन बसजवळ तिला घ्यायला गेलो. ती लांब लोकरी अंगरख्यात उतरली आणि पाच मिनिटांत घामाघूम झाली. पडेगावच्या फाट्यावर गाडी वळली तेव्हा कोपऱ्यावर मंडळी शेकत बसली होती. तिनं काच खाली केली आणि डोळे बारीक करून बघितलं. "ये लोग बीमार है?"

"नाही. थंडी आहे."

"कहाँ?"

आईनं दारातच तिला मिठी मारली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई मराठीत बोलायची, ती तुटक हिंदीत, आणि दोघी निम्म्यावर भेटायच्या. आईनं भाकरी केली, पिठलं केलं. आमा-ले भाकरी मोडायला लागली, तसं आईचं लक्ष मनगटाकडं गेलं. तिनं तो हात आपल्या हातात घेतला, वाकड्या जागेवरून अंगठा फिरवला.

"आगं माय, हे कसं झालं?"

आमा-लेला प्रश्न कळला. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि थांबली. हिवाळाभर ती मला एखादं काम करायला सांगायची आणि मग बघत बसायची, तसंच.

मी सांगितलं. टँकर, टाकी, गोणपाट. आणि त्या संध्याकाळी जिना ओला दिसला होता, तेही सांगितलं. ते मी आमा-लेलाही कधी सांगितलं नव्हतं. मी ते तिच्यासाठी हिंदीत पुन्हा म्हटलं.

आई माझ्याकडं वळली. "आणि फोनवर मला म्हणला, म्हातारी हाय, घसरली."

"व्हय."

"पाणी दिसलं, तरी झोपला?"

"व्हय."

"थू तुझ्या शिक्षणावर," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. मग तिनं आमा-लेच्या ताटातली भाकरी उचलली, स्वतः कुस्करली, पिठल्यात कालवली आणि तिच्यासमोर ठेवली. आमा-ले होती त्या दोन दिवसांत आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काही पाहिजे असेल तर आमा-लेला खुणेनं सांगायची आणि आमा-ले मला सांगायची, "एंजिनियर, नमक लाओ. एंजिनियर, चप्पल."

दुसऱ्या दिवशी मी दोघींना शहराजवळच्या बुद्ध लेण्यांवर नेलं. ऊन चांगलंच होतं. आईचे गुडघे दुखतात, आमा-लेला उकडत होतं. तिनं अंगरखा काढून माझ्या हातात दिला, आईनं तिची शाल दिली, पिशवी दिली, पाण्याची बाटली दिली. मग आईनं आमा-लेचा वाकडा हात धरला आणि दोघी पायऱ्या चढायला लागल्या. दर दहा पायऱ्यांवर थांबायच्या, दम खायच्या, काहीतरी बोलायच्या, हसायच्या. एकदा दोघींनी वळून खाली माझ्याकडं बघितलं. कशाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. मी सामान सावरत मागून चढत राहिलो.